ओशला जाणारं वडाप

मागच्या बैठकीत मी माझ्या प्रवासाचं थोडं बोलले होते. तेव्हा गटातल्या ताई म्हणाल्या, हे रेडिओवरच सांग. म्हणून आज माईकसमोर बसलेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पाटण तालुक्यातली. माझी धाकटी लेक किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकते, ओश नावाच्या शहरात. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे शिकायला आहेत. २०२४च्या मे महिन्यात तिथल्या राजधानीत, बिश्केकमध्ये, जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. आपल्या सरकारने मुलांना कळवलं, खोलीबाहेर पडू नका. ओश तिथून सहाशे किलोमीटरच्या वर लांब. पण टीव्हीवर देशाचं नाव एकच येतं ना! घरात सगळ्यांचं एकच सुरू झालं, पोरीला परत आणा. ती फोनवर रडायची, म्हणायची, अर्धं शिक्षण झालंय, आता कुठे परत येऊ? शेवटी ठरलं, आईने जाऊन डोळ्यांनी बघावं आणि काय ते सांगावं. सप्टेंबरमध्ये मी दिल्लीहून विमानात बसले. त्याआधी माझा सगळ्यात लांबचा एकटीचा प्रवास म्हणजे एसटीने पंढरपूर.

लेक मला न्यायला बिश्केकला आली होती. तिथून ओशला विमान आहे, तासाच्या आत पोचवतं. पण मी म्हटलं, तू एरवी जशी जातेस तशीच मला ने. मला तेच बघायचं होतं.

आता तो देश कसा आहे ते सांगते. आपल्या महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश एवढा. माणसं सत्तर लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात त्याहून जास्त राहतात. बाकी सगळे डोंगर. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघात होता. रशियन लोकांनी रेल्वे टाकली ती सपाटीवरून. उत्तरेची गाडी कझाकस्तानात जाते, दक्षिणेची उझबेकिस्तानात. तेव्हा सगळं एकच राज्य होतं, कोणाचं अडत नव्हतं. पुढे देश वेगळे झाले, मध्ये सीमा आल्या. आणि या देशाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला जोडणारी रेल्वेच नाही असं लक्षात आलं. उरला एक घाटरस्ता.

शहरात आणि जवळच्या गावांना जायला मर्श्रुत्का असते. नाव अवघड आहे, पण वस्तू ओळखीची. आपलं वडाप! पंधरा-सोळा जणांची गाडी, पुढे काचेवर नंबर. हात केला की थांबते, भरली तरी माणसं घेते. एक मात्र मला फार आवडलं. मी वाकून आत शिरले तशी एक शाळकरी मुलगी उठून उभी राहिली. मला वाटलं तिचा थांबा आला. तर नाही, मला जागा दिली होती. लेक म्हणाली, इथे वय झालेल्या बाईला कोणी उभं ठेवत नाही. वय झालेलं म्हटल्यावर मला जरा राग आला, पण बसले. भाड्याला मी पन्नास सोमची नोट काढली. तिथला एक सोम म्हणजे साधारण आपला एक रुपया. नोटेवर एका बाईचं चित्र. ही कुरमानजान दातका, एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतल्या आलाय भागाची कारभारीण होती.

लांबच्या ओशला मात्र भागातल्या टॅक्स्या. बिश्केकमध्येच ओश बाजार नावाचा मोठा बाजार आहे, तिथे त्या उभ्या असतात. ड्रायव्हर ओरडतात, ओश, ओश, ओश! अगदी आपल्या कराड-कराड-कराडसारखं. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. घाई असेल तर रिकाम्या सीटचे पैसे भरा आणि चला. बाईला अर्धं तिकीट वगैरे काही नाही.

एक गाडी जवळजवळ भरली होती, दोनच जागा बाकी. ड्रायव्हरने आमची पिशवी उचललीसुद्धा. लेकीने आत डोकावलं, सगळे पुरुष. तिने पिशवी परत घेतली आणि रशियनमध्ये काहीतरी सांगितलं. तो चिडला, हातवारे केले. ही हलली नाही. मैत्रिणींनो, माझी ही मुलगी घरात पाहुणे आले तर आतल्या खोलीत जाऊन बसायची.

नंतर तिने मला सगळं सांगितलं. त्या देशात मुलीला गाडीत घालून पळवून न्यायचं आणि लग्न लावायचं, अशी एक जुनी रीत आहे. कायद्याने गुन्हा आहे, तरी घडतं. म्हणून हिचे नियम ठरलेले. गाडीत एखादी तरी बाई हवी. पहाटे निघायचं, रात्रीच्या गाडीत बसायचं नाही. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवायचा, आणि तो ड्रायव्हरच्या समोर काढायचा, लपवून नाही. पैसे उतरताना. मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाली, वरच्या वर्गातल्या मुलींनी.

आम्ही दीड तास थांबलो. मग एका गाडीत एक आजी दिसल्या, मांडीवर गाठोडं, मागे चार पोती. तिकडे अशा बाईला आपा म्हणतात. या आपा बिश्केकच्या दोरदोई बाजारातून मुलांचे कपडे घेऊन जलाल-अबादला विकतात. पोत्यांच्या भाड्यावरून त्यांचं ड्रायव्हरशी भांडण चाललं होतं. जिंकल्या त्याच.

गाडी जपानहून आलेली जुनी, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. पण तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात! म्हणजे पुढचा ट्रक ओलांडायचा तर ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. डावीकडे बसलेला माणूस बघून सांगतो, जा. मी कुंभार्ली घाटात वाढलेली बाई, तरी डोळे मिटून घेतले.

पहिला मोठा घाट तो-आशू, म्हणजे उंटाचा घाट. वर अडीच किलोमीटरच्या आसपासचा बोगदा आहे, तीन हजार मीटरहून उंचावर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, यावरून अंदाज करा. आत अंधार, धूर, ओल. हिवाळ्यात बर्फाचे कडे कोसळून हा रस्ता बंद पडतो. बाहेर आलो आणि खाली सूसामीरचं पठार पसरलेलं. झाड नाही, नुसतं गवत, घोडे आणि लोकरीचे पांढरे तंबू. रस्त्याकडेला बाया घोडीचं आंबवलेलं दूध विकतात, कुमीस म्हणतात त्याला. मी एक घोट घेतला. आंबट ताक चुलीच्या धुरावर धरल्यासारखं लागलं. दुसरा घोट घेतला नाही.

वळणांनी मला मळमळायला लागलं. आपांनी गाठोड्यातून खारट दह्याची सुकवलेली गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. कुरुत. चघळली आणि बरं वाटलं. मग मी डब्यातल्या दशम्या काढल्या. त्यांचा शब्द मला कळत नव्हता, पण बोलताना मध्येच बाजार ऐकू यायचं, नान, चाय, समसा. समसा म्हणजे समोसाच. लेक मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. आपांनी विचारलं, मुलगी इतक्या लांब का पाठवली? मी म्हटलं, शिकायला. त्या म्हणाल्या, माझी मॉस्कोला आहे, हॉटेलात भांडी घासते, नातवंडं माझ्याकडे. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

पुढे तोक्तोगुलचा जलाशय लागला. निळंशार पाणी, संपतच नाही. धरण २१५ मीटर उंच आहे म्हणे, आपली कोयना १०३. देशाला सगळ्यात जास्त वीज याच धरणातून मिळते. मी विचारलं, यात गावं बुडाली का? आपा म्हणाल्या, बुडाली. कोयनेकाठच्या बाईला दुसरं काय सुचणार.

जलाल-अबादला आपा उतरल्या. जाताना ड्रायव्हरला दरडावून काही सांगितलं. लेक हसली. म्हणाली, वसतिगृहाच्या दारात सोड म्हणतायत, चौकात नाही. ओश आलं तेव्हा अंधार पडला होता. शहराच्या मधोमध सुलेमान-तो नावाचा डोंगर आहे, त्यावर दिवे दिसत होते. गाडी दारातच थांबली.

मी आठ दिवस राहिले. घरी येऊन सांगितलं, ती शिक्षण पुरं करूनच येईल. दीर म्हणाले, तिथे सुरक्षित आहे का? मी म्हटलं, तसं नाही म्हणता येणार. पण तिला गाडी सोडून देता येते, ते मी पाहिलंय.

आता सुट्टीला निघाली की तिकडच्या सातला, म्हणजे आपल्या साडेसहाला, माझ्या फोनवर नंबरप्लेटचा फोटो येतो. मग तोक्तोगुलच्या पाण्याचा. मध्ये घाटात रेंज नसते. तेवढ्यात मी भाकऱ्या थापून घेते.