आधी यादी, मग क्लाउड

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापला होता ‘रुग्णांच्या नोंदी आणि क्लाउड’. वक्त्यांची सारी नोकरी रेडिऑलॉजी विभागात गेली. निवृत्तीनंतर ते लहान इस्पितळांचे जुने स्कॅन क्लाउडवर हलवून देतात. माईक हातात येताच त्यांनी आपला आग्रह मांडला: एकही फाईल हलवण्याआधी यादी करा. कोणाचा स्कॅन, कधीचा, कुठल्या यंत्रावरचा, किती चित्रांचा. पुढचा तासभर ते कुठूनही निघाले तरी यादीपाशीच पोचत होते.

“डायकॉम म्हणजे काय, हे इथे सांगायला नकोच,” म्हणत त्यांनी ते एका दमात उरकलं. स्कॅनच्या फाइलींचं, १९९३पासून या नावाने चालत आलेलं मानक. प्रत्येक फाईलमध्ये चित्राबरोबर पेशंटचं नाव, क्रमांक, तारीख आणि तपासणीचा स्वतःचा ६४ अक्षरांपर्यंतचा ओळखक्रमांक. “सर, आम्ही डॉक्टर नाही हो!” मागच्या रांगेतून आवाज आला आणि सभागृह हसलं. मग त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. सीटीचं एक चित्र म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. तपासणीत ३०० चित्रं असतील तर १५० एमबी. दिवसाला दहा तपासण्या झाल्या तर दीड जीबी. इस्पितळाच्या कोपऱ्यातला संगणक काही वर्षांतच का भरतो, ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

क्लाउडवरच्या साठ्यात सहसा खरे फोल्डर नसतातच, हे मात्र बऱ्याच जणांना नवं होतं. सगळ्या फाइली एकाच पातळीवर असतात. फोल्डर दिसतो तो फाईलच्या नावात घातलेल्या तिरप्या रेघांमुळे. म्हणजे नाव हीच मांडणी. गूगलच्या हेल्थकेअर सेवेतून डायकॉमचा साठा क्लाउड स्टोरेजमध्ये काढला की नावं आपोआप पडतात: आधी तपासणीचा क्रमांक, मग मालिकेचा, मग चित्राचा. शिस्त चोख, पण माणसाला दिसतात नुसते आकडे आणि टिंबं. कुठला आकडा कोणाचा, हे सांगणारी यादी हाताशी नसेल तर त्या शिस्तीचा डॉक्टरला काडीचा उपयोग नाही.

यानंतर एक किस्सा निघाला आणि त्यानेच निम्मं व्याख्यान व्यापलं. जिल्ह्याच्या गावातलं एक इस्पितळ. सॉफ्टवेअर ऑर्थँक: बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठ रुग्णालयात सेबास्तियां जोदोन्य यांनी २०१२मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेलं, फुकट आणि खुलं. सगळे जुने स्कॅन त्यात ओतले आणि पडद्यावर एक विलक्षण पेशंट उगवला. त्याचं डोकं फुटलेलं, गुडघा मोडलेला, छातीत पाणी. तो पुरुषही होता, बाईही होती, सहा वर्षांचा होता आणि ऐंशीचाही. कारण साधं होतं. रात्री अपघाताची केस आली की टेक्निशियन पेशंटच्या क्रमांकाच्या जागी शून्य टाकून यंत्र सुरू करायचे. ऑर्थँक पेशंट ओळखतं ते क्रमांकावरून, नावावरून नाही. गावातले सगळे अपघातग्रस्त मिळून एकच माणूस झाला होता.

सोडवणूक कशी केली, हे त्यांनी बारकाईने सांगितलं. कॅज्युअल्टीचं लांबट रजिस्टर एका बाजूला, पडदा दुसऱ्या बाजूला, मध्ये टेक्निशियन. वेळ, वय, दुखापतीची बाजू जुळवत एकेक माणूस वेगळा काढायचा. त्यात आणखी घोळ: वीज गेली की एका यंत्राचं घड्याळ मागे पडायचं, त्यामुळे काही स्कॅनवर यंत्र विकत घेण्याच्याही आधीची तारीख. आणि एक बाई. पहिली तपासणी माहेरच्या नावाने, दुसरी सासरच्या. तिच्या फुप्फुसातली गाठ वाढली की तितकीच आहे, हे जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसं? इथे स्त्रियांच्या बाजूला बऱ्याच माना हलल्या.

पुढच्या रांगेतले एक सर्जन मात्र उखडले. “रात्री दोनला रक्तबंबाळ माणूस समोर असताना आम्ही क्रमांक शोधत बसायचं का?” वक्ते तितक्याच ठामपणे म्हणाले, “नाही. तात्पुरता क्रमांक टाका, पण प्रत्येकाला वेगळा. आणि सकाळी ड्यूटी बदलताना यादीत दुरुस्त करा.” टाळ्या पडल्या, सर्जननीही वाजवल्या.

क्लाउड सुरक्षित आहे का, हा प्रश्न येणारच होता. त्यांनी दिल्लीच्या एम्सचं उदाहरण दिलं. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथल्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, ओपीडीचं काम जवळजवळ दोन आठवडे कागदावर आलं, आणि ई-हॉस्पिटल या तिथल्या संगणकप्रणालीतली माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. प्रत दुसरीकडे असणं हाच खरा आधार, असं ते म्हणाले. “आणि क्लाउड काही परदेशातच असतो असं नाही. मायक्रोसॉफ्टचं २०१५पासून एक केंद्र आपल्या पुण्यात आहे.”

तेवढ्यात संयोजकांची चिठ्ठी आली. मग बरंच काही घाईत: फाइली चढवल्यावर मूळ फाईल आणि क्लाउडवरची प्रत यांचे चेकसम, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारे ताळ्याचे आकडे, जुळवायचे, ते जुळेपर्यंत जुनी डिस्क पुसायची नाही; मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटच्या नोंदी किमान तीन वर्षं जपायच्या आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या; केसपेपरची प्रत मिळणं हा पेशंटचा हक्क, असं मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६मध्ये सांगितलं. ७२ तासांत काय देणार, सापडतच नसेल तर? पुन्हा यादीच.

शेवटचा प्रश्न एका आजींचा होता: आम्ही घरी काय करायचं? उत्तर देताना वक्ते घड्याळ विसरले. स्कॅनचे मोबाईलवर काढलेले फोटो पुरेसे नाहीत, सेंटरकडून मूळ डायकॉम फाइली मागून घ्या. सीडी मिळाली तर नातवाकडून त्याच आठवड्यात उतरवून घ्या, नव्या लॅपटॉपला सीडीची सोयच नसते. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे आपोआप क्रम लागतो. रिपोर्टची पीडीएफ त्याच फोल्डरात टाका. आणि आजींचं लग्नाआधीचं नाव जुन्या कागदांवर असेल तर ते नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.