मुकाट मूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



 मी काही वक्ता नव्हे. लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी बावीस वर्षे गेली. तेव्हा तिथे आम्ही मुलाचे दुखणे कसे जोखतो, एवढेच आज सांगणार आहे.

मोठे माणूस काय होते ते सांगते. तान्हे मूल सांगत नाही, आणि त्याच्या रडण्यावरून अंदाज बांधावा तर रडणे फसवे. एक मूल टाहो फोडते आहे आणि दुसरे आईच्या खांद्यावर मुकाट पडले आहे, अशी दोघे एकदम आली तर साऱ्यांची नजर पहिल्याकडे वळते. परिचारिकेने आधी दुसऱ्याकडे धावावे. रडणाऱ्याच्या अंगात निदान रडण्याची ताकद तरी असते. आजारी मुलाबद्दल ‘किती गुणी हो, जरासुद्धा त्रास देत नाही’ असे कुणी म्हटले, की माझ्या छातीत धस्स होते.

म्हणून आमचा पहिला नियम: हात लावण्याआधी डोळ्यांनी पाहावे. खोकला असेल तर मूल आईच्या मांडीवर शांत असताना झबले वर करावे आणि घड्याळ लावून पुरते एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, आणि वर्षापासून पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर ती साधी सर्दी समजू नये. अगदी तान्ह्याचा श्वास मुळातच अनियमित. तिथे पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर दुखणे अधिकच गंभीर.

‘आम्हाला बाई हे कसे जमणार?’ असे म्हणू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर सुइणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ज्यांना पुढचे आकडे मोजता येत नव्हते, त्या बायाही न्यूमोनिया ओळखू लागल्या. आपण तर महिन्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्या!

दुसरे दुखणे जुलाबांचे. इथे जुलाब किती झाले यापेक्षा अंगात पाणी किती उरले, हे महत्त्वाचे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी; ती लगेच सपाट झाली पाहिजे. डोळे खोल गेलेत का, पाहावे. मग चमच्याने पाणी द्यावे. मूल अधाशासारखे पीत असेल, तर पाणी कमी पडू लागले आहे. पण पिण्याचेही त्राण नसेल, तर वेळ फार थोडा आहे.

यावरचा उपाय आपल्या हाती आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे पाणी आयांच्या आणि नातलगांच्या हाती देऊन पाजवले आणि असंख्य जीव वाचवले. त्याच धर्तीचे पाणी आता ओआरएसच्या पुडीतून मिळते. पुडी एक लिटरची असेल तर ती एक लिटर पाण्यातच संपूर्ण घालावी. अर्धी पुडी पेल्यात, असे करू नये. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये.

आता सर्वांत अवघड गोष्ट, ती म्हणजे निर्णय. मूल दूध ओढत नाही, प्यालेले सारे ओकून टाकते, झटका आला, किंवा उठवले तरी नीट जागे होत नाही. यांतले एक जरी दिसले, तरी तडक दवाखाना. पण घरोघरी काय होते? आई सकाळीच म्हणते, ‘आज हे नेहमीसारखे नाही.’ सासूबाई म्हणतात, नजर लागली असेल. कर्ता माणूस संध्याकाळी येणार, पैसे त्याच्यापाशी. आणि मूल रात्री आमच्याकडे येते. भगिनींनो, मधल्या त्या आठ तासांवर आमच्या वॉर्डात औषध नाही.

आईचे ते वाक्य मी केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहिते. तिने त्या मुलाला रोज पाहिलेले असते. आम्ही आत्ता पाहतो.

तेव्हा माझी मंडळाला एकच विनंती. हळदीकुंकू, भजन आपण करतोच. त्याबरोबर मंडळाच्या कपाटात सेकंदकाटा असलेले एक घड्याळ आणि ओआरएसच्या पुड्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक आळीत एकीने पत्करावे, की शेजारणीचे मूल मुकाट पडले तर १०८ क्रमांकाला फोन करीन आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जाईन. एकटीला जो निर्णय घेता येत नाही, तो दोघींना घेता येतो.