अवधान : एक अनमोल भांडवल

(शिरूर व दौंड येथील श्रावक-श्राविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



२२ जानेवारी १८८७ रोजी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एकोणीस वर्षांच्या तरुणाने शंभर अवधाने करून दाखविली. तेच श्रीमद् राजचंद्र. शतावधान म्हणजे शंभर गोष्टींकडे एकाच क्षणी लक्ष, असा समज आहे. वस्तुतः प्रश्नांचे तुकडे आळीपाळीने समोर येतात. अवधानी त्या क्षणी एकच तुकडा स्वीकारतो, मनात त्याच्या जागी ठेवतो आणि पुढच्याकडे वळतो.

विज्ञानाचा निष्कर्षही याहून वेगळा नाही. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी श्रोत्यांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकविले व एकच मजकूर सोबत उच्चारावयास सांगितले. दुसऱ्या कानातील आवाज पुरुषाचा की स्त्रीचा, हे श्रोत्यांना कळले. मजकूर मात्र सांगता आला नाही. दौंड जंक्शनच्या गलबल्यात प्रवाशाला स्वतःच्या गाडीचीच घोषणा नेमकी ऐकू येते, तीही या निवडीमुळेच. मेंदूचे कपाळामागील व माथ्याखालील भाग मिळून ही निवड सांभाळतात.

अवधान मोजतात ते चुकांवरून आणि प्रतिसादास लागणाऱ्या वेळेवरून. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी तबकडीवरील काटा दोन तास न्याहाळण्यास माणसे बसविली. काटा क्वचित दुप्पट उडी घेई, ती ओळखावयाची होती. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्या. तसेच एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना प्रतिसाद मंदावतो, हेही प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

शिरूरच्या पेढीवर मीटरपट्टीने कापड मोजताना फोन कानाशी असेल, तर माप चुकते. हेतू शुद्ध असला तरी तोटा ग्राहकाचाच होतो. अचौर्यव्रतात कमी-अधिक माप हा अतिचार मानला आहे. म्हणून अवधान हे व्यापाऱ्याचे केवळ कौशल्य नसून कर्तव्य आहे.

सामायिकाच्या ४८ मिनिटांत मन भटकले म्हणून कोणी खिन्न होऊ नये. भटकणे हा मनाचा स्वभाव आहे. त्याला परत आणणे ही साधना आहे.

श्रीमद् राजचंद्रांनी कीर्ती शिखरावर असतानाच, विशीच्या सुमारास, अवधानाचे जाहीर प्रयोग सोडून दिले आणि तेच अवधान आत्म्याकडे वळविले. अवधान किती आहे, हे यंत्र मोजू शकेल. ते कोठे खर्चावे, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.