फ्यूजची निवड

पावसाळ्याच्या रात्रीं एकाएकीं वीज गेली तरी शहरांतील पुष्कळ घरांत आतां काळोख होत नाहीं. कोंपऱ्यांत ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी व तिच्या शेजारचा इन्व्हर्टर आपलें काम सुरू करतात, दिवे लागतात, पंखा फिरूं लागतो. ह्या बॅटरीच्या टोंकांना कोरड्या हाताचा स्पर्श झाला तर सहसा झटका बसत नाहीं. त्यामुळें भिंतींतील २३० व्होल्टच्या विजेचें जें भय घरांतील माणसांना असतें, तें हिचें नसतें. भय नसलें तर एक वेळ चालेल. परंतु भय नाहीं म्हणून काळजीहि नाहीं असें जेव्हां होतें, तेव्हां अनर्थाला आरंभ होतो. शरीरांत प्रवाह लोटण्यास दाब मोठा लागतो. तार तापून आग लागण्यास मात्र मोठा प्रवाह पुरतो, आणि अल्प दाबाच्या मंडलांत प्रवाह बहुधा मोठाच असतो.

हें विधान प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. पण हिशेब साधा आहे. वॅटांना व्होल्टांनीं भागलें म्हणजे अँपिअर मिळतात. ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारें पाव अँपिअर प्रवाह घेतो. तितक्याच वॅटांचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. शिवाय इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीचा अंतर्गत रोध एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनहि कमी असतो. तिचीं दोन टोंकें चुकून एकमेकांस जोडलीं गेलीं, तर शेंकडों, प्रसंगीं हजाराहून अधिक अँपिअर प्रवाह क्षणांत वाहूं लागतो व तार लाल होते.

ह्या आपत्तीवरील उपाय म्हणजे फ्यूज, अर्थात् वितळतार. मंडलांत बुद्ध्याच ठेवलेला हा एक दुबळा दुवा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं तो स्वतः वितळतो आणि वाट बंद करतो. तो दुबळा आहे हाच त्याचा गुण होय.

आतां प्रश्न असा कीं, हा फ्यूज रक्षण कोणाचें करतो? दिव्याचें, पंख्याचें किंवा इन्व्हर्टरचें, असें उत्तर बहुतेक देतील. तें पुरें बरोबर नाहीं. तो मुख्यतः तारेचें रक्षण करतो. हें एक तत्त्व मनांत ठसलें, म्हणजे निवडींतील अर्धी चूक टळते. फ्यूजचा अंक दोन मर्यादांच्या मध्यें बसला पाहिजे. नेहमींचा भार वाहतांना तो वितळूं नये, ही खालची मर्यादा. आणि तार धोक्याइतकी तापण्यापूर्वीं तो वितळलाच पाहिजे, ही वरची.

एक उदाहरण घ्यावें. गॅलरींत १२ व्होल्टवर चालणारे, एकंदर ६० वॅटचे दिवे लावावयाचे आहेत. प्रवाह ५ अँपिअर. दिवे तासन् तास जळणार. आणि फ्यूजवर सतत पडणारा भार त्याच्या अंकाच्या चार पंचमांशाहून अधिक असूं नये. म्हणून ५ ला सव्वानें गुणावें. उत्तर आलें सव्वासहा. बाजारांत त्यापुढचा फ्यूज साडेसात अँपिअरचा मिळतो. आतां तारेकडे पाहावें. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार साधारण परिस्थितींत १५ अँपिअरच्या आसपास प्रवाह निर्धास्तपणें वाहते. साडेसाताचा फ्यूज तिच्या मर्यादेच्या पुष्कळच आंत राहिला. निवड योग्य झाली. मात्र भारासाठीं फ्यूज मोठा हवा आणि तार तितकी समर्थ नाहीं, असें आढळल्यास आधीं तार जाड करावी, मगच फ्यूज वाढवावा.

अंक जमला तरी आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली काळाची. मोटारगाड्यांत वापरतात तो पात्याचा फ्यूज दहा टक्के अधिक भार शंभर तासहि सोसूं शकतो. भार दुप्पट झाला म्हणजे मात्र पांच सेकंदांच्या आंत वितळतो. पंखा किंवा पंप सुरू होतांना क्षणभर पुष्कळ जास्त प्रवाह घेतो. तेथें सावकाश वितळणारा फ्यूज घ्यावा. दुसरी गोष्ट दाबाची व तोडशक्तीची. घरांतील उलटसुलट वाहणारा प्रवाह सेकंदाला शंभर वेळां शून्यावर येतो, त्यामुळें फ्यूज वितळतांना उडालेली ठिणगी विझण्यास मदत होते. बॅटरीचा एकाच दिशेचा प्रवाह शून्यावर येत नाहीं. ठिणगी तशीच तेवत राहूं शकते. म्हणून एकदिशा प्रवाहासाठीं नेमलेला, बॅटरीच्या दाबाहून कमी नसलेला आणि तिचा सारा लोंढा तोडूं शकणारा फ्यूज घ्यावा. मोठ्या बॅटरीच्या मुख्य तारेवर कांचेच्या नळीचा इवलासा फ्यूज बसविणें व्यर्थ आहे. तिसरी गोष्ट जागेची. फ्यूज बॅटरीच्या धन टोंकापासून शक्यतों वीतभर अंतराच्या आंत असावा. कारण बॅटरी व फ्यूज ह्यांमधील तारेला कोणीच रक्षक नसतो.

इतकें सारें नीट केलें, तरी एक दिवस फ्यूज जातो. खरी परीक्षा त्या वेळीं होते. दिवे गेलेले, मुलें रडत आहेत, पाहुणे बसले आहेत; आणि हाताशीं १० अँपिअरचा लाल फ्यूज नाहीं, ३० चा हिरवा आहे. किंवा तोहि नाहीं, म्हणून सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळून काम भागविलें जातें. दिवे लागतात, गृहस्थाचें कौतुक होतें. पुढें कधीं तरी त्याच दीड मिलिमीटरच्या तारेंतून कांहीं बिघाडामुळें २८ अँपिअर वाहूं लागतात. तिचें आवरण मऊ होतें, वास सुटतो, आणि ३० चा फ्यूज शांतपणें पाहत राहतो, कारण त्याच्या दृष्टीनें कांहींच घडलेलें नसतें. घर मात्र झोंपलेलें असतें.

पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधणारा घरमालक शहाणा म्हणवीत नाहीं. फ्यूज गेला, तर तो कां गेला हें आधीं शोधावें. सैल जोड, घासलेली तार किंवा वाढलेला भार बहुधा सांपडतोच. मग त्याच अंकाचा फ्यूज त्याच जागीं बसवावा. योग्य अंकाचे दोन फ्यूज बॅटरीजवळ डबींत घालून ठेवण्यास खर्च थोडा येतो. आणि तेवढ्यानें एखाद्या रात्रीं काळोखांत अडून पडलेला माणूस चंदेरी कागदाच्या मोहापासून वांचतो.