सुनेच्या नावाचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषण)



महागाई, शेतमालाचे भाव, पक्षबांधणी असे भारदस्त विषय समोर असताना मी सुनेच्या नावाविषयी बोलणार म्हटल्यावर काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले आहे. नावात काय आहे, हा प्रश्न ज्याच्या नावाला कधी धक्का लागलेला नसतो तोच सहसा विचारतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. आणि तो नामविस्ताराच्या रूपाने का होईना, अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलितांची घरे जळली, माणसे मेली, समाजवादी कार्यकर्त्यांनी सत्याग्रह केले. एका नावासाठी जे एवढे झुंजले, त्यांनी आपल्या घरातल्या नावाकडे काणाडोळा करणे शोभत नाही.

लग्नात तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची आपल्याकडील रीत तुम्हाला माहीत आहे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक मनकर्णिका होत्या आणि आनंदीबाई कर्वे गोदूबाई. ज्या घरांनी स्त्रीशिक्षणासाठी समाजाचा रोष पत्करला, त्या घरांतही ही रीत निमूटपणे पाळली गेली. शिवाय गंमत अशी, की पत्नीने पतीचे नाव एरवी उच्चारायचे नाही, त्यासाठी उखाण्याचा आधार घ्यायचा. तिचे नाव मात्र खुशाल पुसायचे. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असे सांगणारा कायदा या देशात नाही. तरीही रूढीने जे करून घेतले, ते कायद्यालाही साधले नसते.

आता पुष्कळ घरांत नाव बदलत नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याच नामांतराचे एक सौम्य रूप मागच्या दाराने येते आहे. आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय विवाह होतात, सून आपले नाव घेऊन येते आणि सासरची मंडळी ते नाव वर्षानुवर्षे चुकीचे उच्चारतात. तिने दहा वेळा सांगितले, तरी अकराव्या वेळी तेच. वर हसून म्हणायचे, ‘आमची जीभ नाही बाई वळत!’

जिभेच्या अडचणी खऱ्या असतात, हे मी प्रथम मान्य करतो. आपली ज्ञानदा हिंदी भाषकाच्या घरी गेली की ‘ग्यानदा’ होते. मृणालिनीतला ‘ऋ’ आपण ‘रु’सारखा म्हणतो, तिकडे तो ‘रि’ होतो. वासंती बंगाली घरात ‘बाशोन्ती’ होते, कारण त्या भाषेत ‘व’चा ‘ब’ होतो आणि ‘अ’ ‘ओ’कडे झुकतो. यात कोणाचा अपराध नाही. आपल्याकडेही एखादी आजी वेणूला ‘वेनू’ म्हणते. तिच्या बोलीत ‘ण’ नाही. माया मात्र भरपूर असते. अशा आजीला शुद्ध उच्चाराचे धडे देणे हा पांढरपेशा उद्धटपणा होईल. शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली बहुजनांच्या बोलीची जी टवाळी या महाराष्ट्रात झाली, तिच्यात मला भर घालायची नाही.

मग माझी तक्रार कोणाविषयी आहे? समजा, याळिनी नावाची तमिळ मुलगी नाशिकच्या एका सुशिक्षित घरात सून म्हणून आली. ‘याळ’ या प्राचीन तंतुवाद्यावरून पडलेले हे सुंदर नाव. त्यातला तमिळ वर्ण आपल्या ‘ळ’च्या इतका जवळचा आहे, की कित्येक तमिळ माणसेही त्याचा ‘ळ’च करतात. हिंदी भाषकाला जो ‘ळ’ कष्टाने साधतो, तो आपल्याला बाळघुटीबरोबर मिळालेला आहे. तरीही सासूबाई, दीर, नणंद सारे तिला ‘याझिनी’ म्हणतात. का? तर लग्नपत्रिकेसाठी तिचे नाव इंग्रजी लिपीत आले होते आणि त्या वर्णासाठी इंग्रजीत ‘झेड’ आणि ‘एच’ लिहितात! आपली वृत्तपत्रेही याच वाटेने ‘कनिमोझी’ छापतात. शेजारच्या दोन भारतीय भाषा एकमेकींशी बोलतात त्या इंग्रजीच्या मध्यस्थीने, आणि दलालीत नावाचा मूळ स्वर गमावतात. डॉ. लोहियांनी इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध जो लढा दिला, तो केवळ सरकारी कचेरीतल्या फलकांपुरता नव्हता. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले, त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणले आणि पुढे आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. तुरुंगात एक माणूस एक भाषा शिकतो आणि घरात सहा माणसांना एक नाव शिकता येत नाही?

याळिनीने घरातल्या माणसांना सांगून पाहिले. पहिल्यांदा सारे हसले, दुसऱ्यांदा म्हणाले, ‘चालायचंच’, तिसऱ्यांदा म्हणाले, ‘मानी आहे हो पोरगी.’ चौथ्यांदा तिने सांगितलेच नाही. हे गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे.

माझी कसोटी साधी आहे. याच घरात जावई परप्रांतीय असता, तर त्याचे नाव चार जणांना विचारून, घोकून, पहिल्या दिवाळसणाआधी तोंडपाठ झाले असते. परदेशी क्रिकेटपटूंची अवघड नावे याच घरातली मुले बिनचूक सांगतात. साहेबाचे नाव चुकू नये म्हणून आपण किती जपतो! तेव्हा जीभ वळते ती गरजेप्रमाणे. जिथे मान द्यावा लागतो तिथे ती वळते आणि जिथे मान न देता भागते तिथे ताठ राहते. आपल्या गावगाड्यात वरच्याचा रामराव आणि खालच्याचा राम्या होत असे. तिथेही अडचण जिभेची नव्हतीच. लोहियांनी जातीची आणि स्त्रीची गुलामगिरी एकाच दमात सांगितली, ती यासाठी. प्रयत्न करूनही जो चुकतो, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. जो प्रयत्नच करीत नाही, तो ‘तू बदल, आम्ही बदलणार नाही’ एवढेच सांगत असतो.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आईचे नाव लावण्याचा निर्णय झाला आहे. निर्णय चांगला आहे. पण ज्या आईचे नाव घरात कोणी नीट उच्चारत नाही, तिचे नाव कागदावर चढले म्हणून तिचे स्थान बदलेल, या भ्रमात आपण राहू नये.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी तीन कामे सांगायची आहेत. सभासद नोंदवताना स्त्रीचे नाव तिच्याच तोंडून ऐका आणि देवनागरीत लिहा; इंग्रजी कागदावरून उतरवू नका. आपल्या याद्यांतून ‘सौ. पाटील’, ‘सौ. जाधव’ अशा निनावी नोंदी काढून टाका. आणि घरी गेल्यावर सुनेला, भावजयीला, जावेला एकदा विचारा, की तुझे नाव आम्ही बरोबर घेतो ना? ती ‘चालेल’ म्हणाली, तर पुन्हा विचारा. आंतरजातीय विवाहाच्या सभेत टाळ्या वाजवणे सोपे आहे. त्या विवाहातून घरात आलेल्या मुलीला तिच्या नावाने हाक मारणे, हे त्या सभेचे उरलेले काम आहे.