ऑनलाइन लिलावात वस्तूचे वर्णन कसे लिहावे?

(संस्थेच्या रोजगार मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



विहाराच्या प्रांगणात विक्रीच्या विषयावर भाषण, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु तथागतांनी संसारी माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्न कधी हलका मानला नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक वाचेच्या जोडीला सम्यक आजीविका आहे. अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात तर बुद्धांनी भिक्खूंना उपदेश करताना चक्क दुकानदाराचा दाखला दिला आहे. दुकानदाराची भरभराट तीन गुणांमुळे होते. तो डोळस असतो, म्हणजे मालाची पारख व किंमत जाणतो. तो चतुर असतो, म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल असतो. आणि तो विश्वासपात्र असतो, म्हणून धनिक लोक त्याला भांडवल देतात. आजचा विषय आम्ही या तीन गुणांच्या आधारेच मांडणार आहोत.

प्रथम लिलावाचे स्वरूप पाहू. दुकानात भाव दुकानदार सांगतो, लिलावात तो बोली लावणारे ठरवतात. ऑनलाइन लिलावात तर गिऱ्हाइकाला वस्तू हातात घेताच येत नाही. त्याच्यापुढे असतात केवळ आपण लिहिलेले शब्द आणि काढलेली छायाचित्रे. १९९५ साली अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी जे लिलावाचे संकेतस्थळ काढले, तेच पुढे ईबे झाले. तेथे सुरुवातीला विकली गेलेली एक वस्तू म्हणजे त्यांचा स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. तो मोडका आहे हे ठाऊक आहे ना, असे त्यांनी विचारले, तेव्हा घेणाऱ्याने कळवले की आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो! तात्पर्य, मोडकी वस्तू मोडकी म्हणून सांगितली तरी तिला गिऱ्हाईक असते.

भारतात २००० साली बाझी डॉट कॉम निघाली, २००४ साली ती ईबेने घेतली आणि ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले. तथापि इथला विक्रेता ईबेच्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावरून परदेशी गिऱ्हाइकाला माल विकू शकतो. आपल्या वस्त्यांतील हुन्नरी कारागिरांना आणि शिकलेल्या मुलामुलींना ही वाट खुली आहे.

डोळसपणा

उदाहरणादाखल एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ घेऊ. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळे बनवण्यास आरंभ केला. २०१६ साली सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आज देशोदेशीचे संग्राहक ही घड्याळे शोधतात. ते विकताना कोणी लिहितो, “अतिशय दुर्मिळ! सुंदर घड्याळ! त्वरा करा!” यातून गिऱ्हाइकाला काय कळले? काहीच नाही. शिवाय असे शब्द घालून कोणी शोधही घेत नाही.

शीर्षकात माणूस ज्या शब्दांनी वस्तू शोधील तेच शब्द हवेत. ईबेवर शीर्षकाला ८० अक्षरांचीच मर्यादा आहे, म्हणून एकही शब्द वाया घालवू नये. “एचएमटी जनता, चावीचे मनगटी घड्याळ, १७ ज्वेल, देवनागरी अंक, चालू स्थितीत” एवढे पुरे. मग खाली तपशील द्यावा: “केसचा व्यास इतके मिलिमीटर. डायलवर सहाच्या आकड्याजवळ डाग. काचेवर दोन ओरखडे. पट्टा नवा, मूळचा नाही. चोवीस तासांत दोन मिनिटे मागे पडते. पूर्वी सर्व्हिसिंग केव्हा झाले, माहीत नाही.” माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिणे, यालाही डोळसपणाच म्हणतात.

हे सांगण्याचे कारण आहे. जुन्या घड्याळांच्या डायलवर नवा रंग चढवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून ती मूळची म्हणून विकण्याचा प्रकार इतका झाला, की संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. आपल्या शहराचे नाव फसवणुकीचे विशेषण व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे. आणि तोटा कोणाचा? लबाडाचा तर होतोच, पण खरा माल घेऊन बसलेल्या प्रामाणिक विक्रेत्याचाही होतो. त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते. डायल रंगवलेली असेल तर “डायल पुन्हा रंगवलेली” असे लिहावे. कमी किमतीत का होईना, ते घड्याळ जाते आणि आपले नाव राहते.

चातुर्य

चातुर्य म्हणजे लबाडी नव्हे. छायाचित्रे दिवसाउजेडी, खिडकीजवळ, साध्या पांढऱ्या कापडावर काढावीत. समोरून, मागून, बाजूने, आणि दोषाचे अगदी जवळून. घड्याळाचे झाकण उघडता येत असेल तर आतील यंत्राचेही चित्र द्यावे, कारण जाणकार प्रथम तेच पाहतो. दुसऱ्याची चित्रे उचलून लावू नयेत.

बोलीची सुरुवात कमी ठेवली तर बोली लावणारे जास्त जमतात. पण एकच गिऱ्हाईक आले तर वस्तू त्याच भावात द्यावी लागते. म्हणून जिच्याखाली गेल्यास आपले नुकसान होईल ती रक्कम आधी कागदावर मांडावी. लिलाव संपण्याची वेळही महत्त्वाची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रविवारी रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा झालेले असतात. गिऱ्हाईक जागे असेल, घरी असेल, अशा वेळी लिलाव संपावा.

टपालखर्च, वेष्टन, वस्तू परत घेण्याच्या अटी, सारे आधीच लिहावे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. तेव्हा जकात कोणी भरायची याचा उल्लेख अवश्य असावा. मालाची निर्यात करण्यासाठी आयात-निर्यात संकेतांक काढावा लागतो. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत, तेथे चौकशी करावी.

विश्वासपात्रता

आपल्याच मेहुण्याला किंवा मित्राला खोटी बोली लावायला सांगून भाव चढवणे, हा प्रकार नियमाने निषिद्ध आहे आणि शीलानेही. तो उघडकीस आला तर विक्रेत्याचे खाते बंद होऊ शकते. पापणिक नावाच्याच दुसऱ्या सुत्तात सकाळ, दुपार, संध्याकाळ कामात लक्ष घालणारा दुकानदार यशस्वी होतो असे सांगितले आहे. लिलाव चालू असताना दिवसातून तीनदा प्रश्न पाहावेत आणि प्रत्येकाला उत्तर द्यावे.

वर्णनाचे मोल किती, हे आम्ही बँकेत काम करणारे चांगले जाणतो. थकीत कर्जापोटी घर लिलावात निघते तेव्हा २००२ च्या सरफेसी कायद्याखालील नियमांप्रमाणे विक्रीच्या नोटिशीत मिळकतीचे वर्णन, बँकेला ठाऊक असलेले बोजे आणि राखीव किंमत द्यावी लागते. हे लिलावही आता ऑनलाइन होतात. क्षेत्रफळ चुकले, गट क्रमांक अर्धवट राहिला, तर बोली लावणारे बिचकतात. घर कमी किमतीत जाते आणि उरलेले कर्ज कुटुंबाच्या डोक्यावर तसेच राहते. याउलट येणे फिटून वर रक्कम उरली तर ती ज्याची त्याला द्यावी लागते. म्हणजे वर्णनातील एक ओळ एखाद्या कुटुंबाचे लाखो रुपये बुडवू किंवा वाचवू शकते. आपल्या वस्तीत कोणाला अशी नोटीस आली तर लाजेने ती दडवून ठेवू नये. शिकलेल्या मुलांनी तिच्यातील वर्णन सातबारा, मिळकतपत्रिका व खरेदीखताशी ताडून पाहावे, आणि चूक आढळल्यास बँकेला ताबडतोब लेखी कळवून पोच घ्यावी.

काय विकू नये?

शस्त्रे, प्राणिमात्र, मांस, मादक पदार्थ आणि विष, या पाच वस्तूंचा व्यापार उपासकाने करू नये असे बुद्धवचन आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरील मूर्ती, नाणी इत्यादी पुरावशेष खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. याखेरीज काही वस्तू अशा असतात की त्यांची किंमत येते म्हणूनच त्या विकू नयेत. १८९८ साली पिप्रहवा येथील स्तूपात बुद्धांच्या अस्थींसोबत मिळालेली काही रत्ने सदबीज या संस्थेने ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला लिलावात काढण्याचे ठरवले होते. त्याला विरोध झाला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव थांबला आणि त्याच वर्षी ३० जुलैला ती रत्ने मायदेशी परतल्याचे जाहीर झाले. वर्णन व छायाचित्रे कितीही उत्तम असली तरी ज्याला कोट्यवधी लोक वंदन करतात ते विक्रीचा माल होऊ शकत नाही. आपल्या घरांतही ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’चे जुने अंक, दीक्षाभूमीवरील १९५६ ची छायाचित्रे, आजोबांनी जपलेली पत्रे असतील. ती रद्दीत टाकू नका आणि लिलावातही काढू नका. त्यांच्या प्रती काढून ग्रंथालयाला द्या.

मित्रहो, पारख, कौशल्य आणि विश्वास, या तिहींत पहिले दोन शिकून चार महिन्यांत येतात. तिसरा मात्र प्रत्येक वर्णनात, प्रत्येक ओळीत नव्याने कमवावा लागतो. संस्थेने एका रविवारी मुलांना एकत्र बसवून एकेका वस्तूचे वर्णन लिहून घ्यावे, आणि वस्तू न पाहता ते दुसऱ्याला वाचायला द्यावे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वस्तू तिच्या दोषांसह उभी राहिली, की ते वर्णन साधले असे समजावे.



भवतु सब्ब मंगलं! जयभीम!