विजेचे जाळे आणि माहितीची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आजच्या विषयाची चर्चा आपल्या कार्यकर्त्यांत बहुधा एकाच वस्तूपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ती वस्तू म्हणजे भिंतीवरचा स्मार्ट मीटर. २०२४ साली या मीटरांविरुद्ध महाराष्ट्रात ठिकठिकाणी मोर्चे निघाले. त्या वर्षी जूनमध्ये, सामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसविले जाणार नाहीत, असे सरकारला जाहीर करावे लागले. पुढे स्मार्ट मीटर पोस्टपेड स्वरूपात, टीओडी मीटर या नावाने, बसू लागले. या आंदोलनात आपण होतो आणि असायलाच हवे होते. परंतु मीटर नको, एवढेच म्हणून समाजवादी पक्षाचे काम संपत नाही. विजेच्या जाळ्यात संगणक आणि दूरसंचार यांचा उपयोग व्हावा की नाही, हा वादाचा मुद्दा नाही. तो होणारच, आणि झाला पाहिजे. तो कोठे व्हावा, कोणाच्या खर्चाने व्हावा आणि त्यातून निर्माण होणारी माहिती कोणाच्या मालकीची असावी, हे खरे प्रश्न आहेत.

प्रथम विजेचा स्वभाव समजून घेऊ. धान्य कोठारात साठविता येते, कापड गुदामात ठेवता येते. विजेचे तसे नाही. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी तेवढेच उत्पादन व्हावे लागते. हा तोल राहिला तर जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झच्या आसपास राहते; मागणी वाढली तर ती खाली येते, उत्पादन वाढले तर वर चढते. तोल फार ढळला तर यंत्रे स्वसंरक्षणासाठी एकामागून एक जाळ्यातून बाहेर पडतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी हेच घडले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातील जाळे कोसळले.

याच्या उलट अनुभव ५ एप्रिल २०२० चा. पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले. सुमारे ३१ हजार मेगावॅट मागणी पाहता पाहता उतरली आणि तितक्याच झपाट्याने परत चढली. जाळे मात्र टिकले. जलविद्युत केंद्रांनी क्षणाक्षणाला उत्पादन उतरविले आणि चढविले. राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रापासून राज्यांच्या भार प्रेषण केंद्रांपर्यंत सर्वांनी एका आराखड्याने काम केले. ही केंद्रे सार्वजनिक मालकीची आहेत, ही गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

माहितीच्या योग्य वापराचे याहून जुने उदाहरण आपल्याच विभागातले आहे. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आदी राज्यांत, वारंवारतेशी निगडित दरपद्धती देशात सर्वप्रथम लागू झाली. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले गेले. जाळे अडचणीत असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला महाग दर भरावा लागू लागला आणि वारंवारतेचे स्वैर हेलकावे आवरले. यासाठी एकाही झोपडीतला मीटर बदलावा लागला नाही. राज्याराज्यांच्या आणि वीज केंद्रांच्या जोडबिंदूंवर अचूक मोजणी करणारे मीटर पुरेसे ठरले. माहिती महत्त्वाची असतेच. पण कोणत्या ठिकाणची माहिती, याचा विवेक त्याहून महत्त्वाचा असतो.

आता सूर्य आणि वारा यांच्याकडे वळू. कोळशाचे केंद्र माणसाच्या सांगण्यावरून चालते. सूर्य कोणाचे ऐकत नाही. दुपारी सौरवीज भरभरून येते आणि सायंकाळी, घरोघरी दिवे लागण्याच्या वेळी, ती नाहीशी होते. २०२५ मध्ये भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायूखेरीज अन्य स्रोतांची झाली. हे यश मोठेच. पण त्याच वर्षी राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्यामुळे दुपारची सौरवीज उचलता आली नाही आणि चालू प्रकल्पांना उत्पादन रोखावे लागले. फुकट मिळणाऱ्या सूर्यप्रकाशाची वीज टाकून द्यायची आणि रात्री कोळसा जाळायचा, हा नियोजनशून्यतेचा नमुना होय.

यावर उपाय तीन. पहिला, ढग आणि वारा यांचा अंदाज घेऊन उद्याच्या ९६ भागांचे वेळापत्रक आजच बांधणे. हे संगणकाचे काम आहे. दुसरा, दुपारची वीज साठवून सायंकाळी वापरणे. बॅटऱ्या आता येत आहेत, परंतु आपल्या सह्याद्रीत घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून हेच करीत आहे: स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचे, गरजेच्या वेळी खाली सोडायचे. तिसरा उपाय म्हणजे मागणीच दुपारकडे सरकविणे. येथेच अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचाही प्रश्न उभा राहतो. कोणाची मागणी सरकवायची?

सरकारचे उत्तर वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीत सापडते. दिवसाच्या वेळेनुसार दर बदलायचे: सूर्यप्रकाशाच्या तासांत सामान्य दरापेक्षा स्वस्त, गर्दीच्या तासांत महाग. शेती वगळता इतर ग्राहकांना हे टप्प्याटप्प्याने लागू करायचे आणि ज्याच्याकडे स्मार्ट मीटर बसेल, त्याला तत्काळ. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. परंतु गिरणगावातल्या चाळीत किंवा इचलकरंजीच्या यंत्रमाग वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. दुपारी घरातले कर्ते कामावर, मुले शाळेत. दोन दिवे, दोन पंखे, एक दूरदर्शन संच. यांतले काय दुपारकडे सरकविता येईल? जेवण रात्रीच होणार, मूल दिव्याखाली रात्रीच बसणार. ज्याच्याकडे वातानुकूलन आहे, धुलाई यंत्र आहे, विजेवरची मोटार आहे, त्यालाच दुपारच्या सवलतीचा लाभ उचलता येतो. दर सर्वांना समान असला तरी तो स्वीकारण्याची ताकद समान नसते.

आणि खर्च? केंद्राची २०२१ ची पुनर्रचित वितरण योजना ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांची. तिच्यात देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे लक्ष्य होते. आपल्यासारख्या राज्याला केंद्राचे अनुदान मीटरमागे फार तर ९०० रुपये. महाराष्ट्रात २०२३ मध्ये एकट्या अदानी समूहाला सुमारे १ कोटी १६ लाख मीटरांचे, १३ हजार ८८८ कोटी रुपयांचे कंत्राट मिळाले. भागाकार करा: मीटरमागे सुमारे १२ हजार रुपये. यात बसविणे, देखभाल आणि माहितीची व्यवस्था धरलेली आहे, हे मान्य. परंतु अनुदान वजा जाता उरलेला भार शेवटी वीजदरातूनच वसूल होतो. महिन्याला पन्नास-साठ युनिटे वापरणाऱ्या घराच्या माथी हा खर्च कशासाठी?

उलट, दुपारकडे सहज सरकू शकेल असा प्रचंड भार महाराष्ट्रात आहे आणि सरकला तर त्याचे भलेच होणार आहे. तो म्हणजे कृषिपंप. आपला शेतकरी वर्षानुवर्षे रात्रपाळीच्या विजेवर पाणी देत आला. साप, विंचू, बिबटे यांच्या भीतीत, थंडीत, चिखलात उभा राहत आला. त्याला दिवसा वीज हवी आहे आणि सूर्य दिवसाच वीज देतो. दोन गरजांचा असा मेळ क्वचित बसतो. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे आणि तिच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्याचे मूळ तत्त्व हेच आहे: कृषी वाहिनी वेगळी करायची, उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि जवळच्या पंपांना दिवसा वीज द्यायची. या तत्त्वाचे आपण स्वागत केले पाहिजे. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला होता. गावाजवळचा छोटा सौर प्रकल्प त्या विचाराशी सुसंगत आहे. मात्र असे हजारो छोटे प्रकल्प एका तालात चालवायचे तर प्रत्येक उपकेंद्राची आणि प्रत्येक वाहिनीची स्थिती नियंत्रण कक्षात क्षणोक्षणी दिसली पाहिजे. माहिती तंत्रज्ञानाचा पहिला पैसा येथे खर्च व्हावा: उपकेंद्रात, फीडरवर, रोहित्रावर. घराची पाळी शेवटची.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. राज्यातील असंख्य कृषिपंपांना धड मीटरच नाहीत. त्यांचा वापर अंदाजाने ठरविला जातो. वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे सांगत आल्या की हा अंदाज फुगविलेला आहे. गळती आणि चोरी शेतीच्या नावावर दडविली जाते. वीज नियामक आयोगानेच नेमलेल्या अभ्यासगटाच्या २०२० मधील अहवालातूनही हा वापर वाढवून दाखविला जात असल्याचे दिसून आले. म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर खोटी युनिटे, त्यावर सरकारचे अनुदान आणि फुकट्या म्हणून बदनामी पुन्हा शेतकऱ्याचीच! वाहिनीवरचा खरा आकडा दर महिन्याला जाहीर झाला तर ही लबाडी टिकणार नाही. म्हणूनच मी म्हणतो की माहिती ही तांत्रिक बाब नसून सत्तेची बाब आहे. ग्राहक रात्री किती वाजता दिवा लावतो, हे कंपनीला कळावे असा आग्रह धरला जातो. कंपनीची वीज कोठे गळते, हे ग्राहकाला कळू नये याचीही काळजी घेतली जाते. स्मार्ट व्हायचे ते केवळ एका बाजूने!

मित्रहो, या प्रश्नाला इतिहास आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरणाला आरंभ केला. स्वस्त आणि विपुल विजेवाचून औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा झाला. २००३ च्या कायद्याने त्या रचनेची मोडतोड झाली आणि २००५ मध्ये आपल्या मंडळाचे कंपन्यांत विभाजन झाले. तारा आणि खांब अजून बव्हंशी सार्वजनिक आहेत; पण त्या तारांवरून वाहणाऱ्या माहितीची व्यवस्था खासगी हाती गेली तर मालकीचा सांगाडा आपला आणि प्राण दुसऱ्याचा, अशी स्थिती होईल. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी खासगी समांतर परवान्याविरुद्ध संप केला, तो याच धोक्याच्या जाणिवेतून.

विजेचा दुसरा इतिहास मुळशीचा. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, कारण मुंबईच्या विजेसाठी त्यांची शेते बुडणार होती. आज सौर प्रकल्पांसाठी गायराने मागितली जात आहेत. खासगी जमीनधारकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. गायरानावर गुरे चारणाऱ्या किंवा ते कसणाऱ्या भूमिहीन दलिताला काय मिळते? वीज हरित आहे म्हणून अन्याय हरित होत नाही. ग्रामसभेच्या संमतीवाचून गायरानास हात लावता कामा नये.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक फीडर आणि रोहित्रावरील मोजणी आधी पूर्ण करा आणि तिचे आकडे मराठीत, गावाच्या नावासह प्रसिद्ध करा. भार प्रेषण केंद्रे आणि मीटरांची माहिती यांची मालकी व नियंत्रण सार्वजनिकच ठेवा. कृषिपंपांना दिवसा वीज हा हक्क माना. घरगुती स्मार्ट मीटर ऐच्छिक ठेवा आणि अल्प वापर करणाऱ्यांवर त्याचा खर्च लादू नका. २००३ च्या कायद्यानेही थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक केली आहे. शिल्लक संपताच कळ दाबून अंधार करणारी प्रीपेड पद्धत त्या संरक्षणाला बगल देते, म्हणून तिला विरोध कायम ठेवा. आणि मीटर वाचणारे, तारा जोडणारे जे कंत्राटी कामगार या बदलात बेकार होतील, त्यांना प्रशिक्षण देऊन उपकेंद्रांच्या नव्या कामांत कायम करून घ्या.

या मागण्यांसाठी मोर्चा लागेल, तसाच अभ्यासही लागेल. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या सुनावण्या होतात. तेथे उद्योगपतींचे सल्लागार जाड फाईली घेऊन बसतात आणि आपले कार्यकर्ते बाहेर घोषणा देतात. आता आतही बसले पाहिजे. प्रत्येक तालुक्यात दोन कार्यकर्त्यांनी आपल्या उपकेंद्राच्या वाहिन्या कोणत्या, त्यांवर पंप किती, वीज येते कधी आणि जाते कधी, याची वही ठेवायला आरंभ करावा. कंपनी आकडे देईल तेव्हा देईल. आपल्या वहीतले आकडे घेऊन पुढच्या सुनावणीला हजर राहू या.